शाळेतल्या संगणकांची खंडेनवमी

ती फिर्याद कागदावर केव्हाच निकाली निघाली, माझ्या मनात मात्र अजून निघालेली नाही. नवरात्र आलं, बाजारात झेंडूचे ढीग दिसू लागले, की मला वाळूजकडचं एक बंद वर्कशॉप आठवतं आणि त्यात फळ्यांवर ओळीनं मांडलेले संगणक आठवतात.

मी लेखक नाही. शिपाई म्हणून भरती झालो आणि बढत्या घेत घेत उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. निवृत्तीनंतर मी बी.ए.ला नाव घातलं, आणि लिहायचं धाडस तिथूनच आलं. कुठं चुकलं तर समजून घ्यावं. या हकिगतीत मी कुणाचं नाव घेणार नाही, शाळेचं नाही आणि कंपनीचंही नाही. त्यातली माणसं अजून याच शहरात राहतात, आणि मीही.

शाळा वाळूजच्या, म्हणजे शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कामगार वस्तीतली. तिथला संगणक कक्ष कुणा एकाचा नव्हता. संगणक एका कारखान्यानं दिलेले, वापरून बाजूला काढलेले. खोली शाळेची. रंग पालकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन दिलेला. संगणकांवर घालायची कापडी आवरणं वस्तीतल्या बायांनी शिवलेली. हे सगळं जुळवून आणणारी माणसं दोन. एक त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. त्यांना अख्खी वस्ती मामा म्हणायची. दुसरे शहरातल्या छावणी भागाच्या बाजारात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारे मुसलमान गृहस्थ. त्यांना सगळे भाई म्हणायचे. मामांनी वायरिंग केलं, टेबलं वेल्ड केली, लोखंडी दार बसवलं. भाईंनी बंद डबे चालू केले आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांना शिकवायला लागले. दोघांची चांगली दोस्ती होती, असं मला नंतर जो भेटला त्यानं सांगितलं.

नवरात्रातल्या सोमवारी सकाळी शाळेच्या मुख्याध्यापक बाई ठाण्यात आल्या. खुर्चीत बसल्या. शिपायानं पाणी दिलं. मग म्हणाल्या, "साहेब, कुलूप जसंच्या तसं आहे. आणि आत एकही कॉम्प्युटर नाही."

त्यांची घाई वेगळीच होती. दसरा झाला की संगणक देणाऱ्या कंपनीचे अधिकारी कक्ष बघायला येणार होते. जुने संगणक नीट वापरलेले दिसले तर नवे द्यायचे, असं ठरलं होतं. खोली रिकामी दिसली असती तर नवे तर नाहीच, सगळा करारच संपला असता. वस्तीतल्या मुलांना दुसरीकडं कुठं संगणकाला हात लावायला मिळणार नव्हता.

फिर्याद घेतली, गुन्हा दाखल झाला. तपास माझ्याकडं आला. आमचे ठाणेदार साहेब जाता जाता म्हणाले, "कॉम्प्युटरचं काही अडलं तर त्याला विचारा." 'तो' म्हणजे आमच्याकडं नव्यानं आलेला तरुण उपनिरीक्षक. थेट परीक्षा देऊन आलेला. गुन्ह्यांची नोंद संगणकावर होऊ लागली होती आणि त्याची बोटं त्यावर भराभर चालायची. माझं अक्षर चांगलं, म्हणून एके काळी अवघड पंचनामे मला बोलावून लिहायला देत. आता केबिनमधून हाक त्याला यायची. मी त्याच्यावर जळत होतो. तो माझ्याशी आदरानं बोलायचा, त्याचाही राग यायचा. या प्रकरणाशी त्याचा संबंध आहे, म्हणूनच हे लिहितो.

घटनास्थळी गेलो. कुलूप शाबूत, कडी शाबूत, खिडकीचे गज शाबूत. आत गेल्यावर मला जे दिसलं ते चोरीसारखं दिसत नव्हतं. भिंतीवरचा मुख्य स्विच बंद केलेला. वायरी गुंडाळून, दोऱ्यानं बांधून कोपऱ्यात ठेवलेल्या. आवरणं घडी घालून टेबलावर रचलेली. चोर घड्या घालत नाही. घाईत तो वायर ओढतो, टेबल कलंडतं, पायाचे ठसे उमटतात. इथं तर कुणीतरी घर बदलताना सामान हलवावं तसं हलवलं होतं.

भिंतीवर दोन गोष्टी होत्या. एक नवा चकचकीत फलक: वर कंपनीचं नाव, खाली शाळेचं, त्याखाली 'संगणक मार्गदर्शक' म्हणून भाईंचं. आणि शेजारी एक फोटो, मागच्या खंडेनवमीचा. संगणकांना हार घातलेले, मामा हातात ताट घेऊन उभे, शेजारी भाई पेढ्यांचा पुडा धरून हसतायत, मागं मुलं. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आणि पुढं गेलो. फलकावर काय आहे ते वाचलं. काय नाही, ते वाचलं नाही.

मामा तिथंच होते. पंच म्हणून कुणी मिळतंय का ते त्यांनीच बघितलं, आम्हाला खुर्च्या आणून दिल्या. मी विचारलं, चावी कुणाकुणाकडं असते? ते म्हणाले, "आधी माझ्यापाशी असायची. आता एक बाईंपाशी, एक भाईपाशी. भाईला मार्गदर्शक केलं ना, तवापासून." बास, एवढंच बोलले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

वस्तीत आम्ही घरोघर विचारलं. रविवारी शाळेकडं कुणी अनोळखी माणूस दिसला का? टेम्पो, रिक्षा, परकी गाडी? शाळेच्या फाटकासमोर पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्या मावशी दिवसभर दारात बसलेल्या असतात. त्याही म्हणाल्या, "नाय बा, कोणी परकं नाय आलं."

दुसऱ्या दिवशी खबर आली. वाळूजच्या एका चहावाल्यानं, जो आम्हाला अधूनमधून माहिती द्यायचा, सांगितलं की छावणीत भाईच्या दुकानात ताडपत्रीखाली जुन्या कॉम्प्युटरचा ढीग पडलाय. तरुण अधिकारी म्हणाला, "सर, कुलूप चावीनं उघडलंय. चावी भाईकडे. माल विकता येईल असं दुकान भाईचं. आता आणखी काय पाहिजे?" त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

भर बाजारात आम्ही ताडपत्री उचलली. संगणक निघाले, पण ते एका कार्यालयानं लिलावात काढलेले होते. पावती, गेटपास, सगळं नीट. शाळेचा एकही नव्हता. तरी व्हायचं ते झालं. बाजारानं भाईच्या दारात पोलिसांची गाडी पाहिली होती. समोरच्या दुकानदारानं गल्ल्यावरून मान वर केली, आणि आम्ही निघेपर्यंत ती खाली घातली नाही.

भाईंना चौकशीला बोलावलं. ते रोज यायचे, बाकावर बसायचे, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे. वयानं माझ्याएवढेच. शाळेच्या समितीनं तोवर फलकावरच्या त्यांच्या नावावर कागद चिकटवला होता. ते त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण तिसऱ्या खेपेला ते आल्या आल्या म्हणाले, "साहेब, नाव झाकलं ते ठीक आहे. पोरं शनिवारी येतील, त्यांना काय सांगणार?"

मी त्यांना आडून आडून विचारलं. कक्षाची सगळी माहिती असणारा दुसरा कोण? राग धरणारा कोण? मामांशी कधी वाजलं होतं का?

भाई पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलले. "मामा का नाम मत लो, साहब. तेव्हा नोकरी होती त्यांची, ड्युटी करून यायचे आणि रात्र होईपर्यंत शिडीवर. घरी जेवण थंड व्हायचं. त्या माणसानं मला त्या शाळेत आणलं, नाहीतर मला कोण विचारतं? माझ्यावर काय लिहायचं ते लिहा. त्यांच्यावर नको."

उठताना त्यांनी विचारलं, "जिथं ठेवलेत तिथं ओल नसेल ना? जुनी जान आहे त्यांची. ओल लागली की संपलं."

चोरीच्या आरोपातला माणूस मालाच्या तब्येतीची चौकशी करतो, हे मी नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं. माझं मन त्याच्या बाजूला झुकलं, पण मन पुरावा नसतं. साहेबांनी सांगितलं, दसऱ्यापर्यंत थांबू, नंतर अटक दाखवावी लागेल.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी ठाण्यात शस्त्रांची पूजा असते. सकाळी शस्त्रागारातून रायफली काढल्या, पुसल्या, सतरंजीवर मांडल्या. लाठ्या, ढाली, बेड्याही. साहेबांनी पूजा केली. मग तरुण अधिकाऱ्यानं ठाण्यातल्या संगणकाला हार घातला आणि टिळा लावला. सगळे हसले, कुणीतरी म्हणालं की आता हेच आपलं शस्त्र. मी मागं उभा राहून बघत होतो. माझी लेखणी कुणी पूजेला मांडली नव्हती. हे लिहिताना हसू येतं, पण त्या वेळी आलं नव्हतं.

आणि तसाच उभा असताना मला शाळेतला तो फोटो आठवला. ताट घेतलेले मामा. वाळूजच्या कारखान्यांत आज प्रत्येक यंत्राला हार पडलेला असणार. ज्या माणसानं सगळी नोकरी यंत्रावर काढली आणि एकही खंडेनवमी चुकवली नाही, तो आज काय करत असेल? खोली तर रिकामी आहे. मग मला त्या घड्या घातलेल्या आवरणांचा विचार आला. बांधलेल्या वायरींचा. आणि फलकावर भाईंचं नाव होतं, मामांचं कुठंच नव्हतं, हेही तेव्हा दिसलं. जळणारा माणूस कसा उभा राहतो, काय बघतो, काय बोलत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी त्या क्षणी तसाच उभा होतो.

एका हवालदाराला घेऊन मामांच्या घरी गेलो. मामी दारात आल्या. मामा नव्हते. मी म्हटलं, सहज आलो, शाळेत यंदा पूजा नाही, मामांना वाईट वाटत असेल. मामींना बोलायला माणूस हवंच होतं. म्हणाल्या, "वाईट कसलं, लई घुम्यावानी बसतेत. जेवत बी नायत. अन् आज बघा, टोपलंभर फुलं आणली. सकाळधरनं हार ववत बसले. म्या म्हणलं, अवो, घरात पूजायला हाय काय? एक स्कूटर, एक शिलाई मशीन. हार येवढे कुणाला?"

"मग काय म्हणाले?"

"काय बोलतेत. ताट घेतलं अन् गेले भाच्याच्या वर्कशॉपला. ते तर कवाचं बंद हाय."

वर्कशॉप वाळूजच्या आतल्या रस्त्यावर होतं. शटर अर्धं वर केलेलं. आत फळ्या टाकून त्यावर संगणक ओळीनं मांडलेले, खाली विटा, म्हणजे जमिनीची ओल लागू नये. बाजूला मामींच्या जुन्या साड्या घडी करून ठेवलेल्या. त्या रोज वरून झाकायला. प्रत्येक पडद्यावर हळदकुंकवाचं बोट आणि झेंडूचा हार. उदबत्ती जळत होती. मामा समोर पोत्यावर बसले होते. आम्हाला पाहून ते उठले नाहीत. अंगठा आणि बोट अजून लाल होतं.

मी त्यांच्या शेजारी बसलो. ठाण्यातल्या खुर्चीवर बसून जे विचारलं असतं ते तिथं विचारता आलं नाही. मग ते आपणहून बोलले.

"कारखान्याच्या भंगारात पडले व्हते हे डबे. म्या निवडले. मोठ्या साहेबाच्या दारात म्या उभा राह्यलो, कितींदा ते मोजलं नाय. भाईला छावणीतून म्या आणला. तवा त्याला वाळूज कुठं हाय ते बी धड ठावं नव्हतं. आन् आता पोरं त्याला सर म्हणतेत. फलकावर त्याचं नाव. त्याला कंपनीचा सदरा. मला काय म्हणतेत ठावं हाय? मामा, टाकीतलं पाणी संपलं."

मी विचारलं, विकायचे होते का? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली.

त्यांचा बेत साधा होता. कंपनीचे लोक येतील, खोली रिकामी बघतील, सगळे हवालदिल होतील आणि मग मामांकडं येतील, की मामा, आता तुम्हीच काहीतरी करा. मग मामा कुठूनतरी शोधून काढल्यासारखे संगणक परत आणणार होते. पुढं पोलीस येतील, भाईला धरतील, हे त्यांनी धरलंच नव्हतं.

"आणि भाईला आम्ही ठाण्यात बसवलं तेव्हा?"

ते उदबत्तीकडं बघत राहिले. "खोटं कशाला बोलू. पयल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीपासून घास उतरला नाय. रोज म्हणायचो, आज जातो सांगायला. पण गेलो, तर त्याला सर म्हणायचं ते म्हणतीलच. मला चोर म्हणतील."

दाराचं त्यांनी सांगितलं ते असं: पल्ला त्यांनीच बसवलेला. बिजागरीच्या खिळीवरून तो वर उचलला, की कुलपासकट बाजूला सरायचा. काम झालं की परत बसवायचा. संगणक त्यांनी भर दुपारी, स्कूटरवर, एकेक करून नेले. मी नंतर पुन्हा गिरणीवर गेलो आणि प्रश्न बदलला. या वेळी अनोळखी म्हटलं नाही. रविवारी कोण कोण आलं, एवढंच विचारलं. मावशी म्हणाल्या, "कोणी बी नाय. मामा तेवढे जात येत व्हते, डबे घेऊन. ते तर नेतेतच की दुरुस्तीला."

त्यांनी पहिल्या दिवशीही खरंच सांगितलं होतं. मीच परक्या माणसाबद्दल विचारलं होतं.

पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. माल ओळखायला मुख्याध्यापक बाई आल्या आणि भाईंना मी निरोप पाठवला. ते आले ते थेट संगणकांकडं गेले. मागं हात फिरवून ओल बघितली. एकेक ओळखत पुढं सरकले. मामा कोपऱ्यात हवालदाराजवळ उभे होते. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

शेवटच्या संगणकापाशी भाई थांबले. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते तेव्हा आलं. बाकी सगळ्यांना हार होते, टिळे होते. या एकाला नव्हते. हा तो, ज्याच्यासमोर बसून भाई शिकवायचे. तो चोरून आणतानाही मामांनी जपून आणला होता, विटांवर ठेवला होता, साडीनं झाकला होता. फक्त त्याला हार घालणं त्यांच्यानं झालं नव्हतं. हार मात्र ओवला होता. तो ताटात तसाच पडला होता.

भाई ते समजले. त्यांचा चेहरा मी बघत होतो. ठाण्यात इतके दिवस बसून जो बदलला नाही, तो तिथं बदलला. मला वाटलं आता ते बोलतील, आणि त्यांनी काहीही बोलावं, मी अडवणार नव्हतो. ते मला म्हणाले, "साहेब, याला हात लावला तर चालेल?" मी मान हलवली. त्यांनी ताटातला हार उचलला आणि मामांसमोर धरला.

"ये रह गया, मामा. घाला. पूजा अशी अर्धी ठेवू नये."

मामांनी हार घेतला. घालताना तो एका बाजूनं घसरला. भाईंनी ती बाजू वर धरली.

पंचनामा लिहिणारा हवालदार लेखणी थांबवून माझ्याकडं बघत होता. त्यानं आधीच लिहिलं होतं, की एका नगावर हार नाही. मी म्हटलं, लिहिलंय ते राहू दे. ज्या वेळचं लिहिलं त्या वेळेला ते खरं होतं.

गुन्हा दाखल होता, म्हणून मामांना अटक झाली आणि जामीन झाला. ते टाळता येत नव्हतं. पण दुसरी काळजी मोठी होती. जप्त झालेला मुद्देमाल न्यायालयाचा आदेश होईपर्यंत ठाण्यात राहतो, आणि आमच्या मुद्देमाल खोलीत काय काय कुजतं ते मला माहीत होतं. अर्ज लवकर पुढं जावा म्हणून मी त्या तरुण अधिकाऱ्याकडं गेलो. काम सांगितलं. त्यानं शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बसा सर, तुम्ही सांगा, मी टाइप करतो." त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसलो. नंतरही बसत राहिलो. टायपिंग त्यानंच मला शिकवलं. जळणं संपलं असं म्हणत नाही. शेजारी बसल्यावर ते आवरायला बरं पडलं.

संगणक शाळेला परत मिळाले. कंपनीनं नवे लगेच दिले नाहीत, पण करारही मोडला नाही. पुढं शाळेनं आणि भाईंनी न्यायालयात समजुतीचा अर्ज दिला आणि प्रकरण मिटलं. फलकावरचा कागद भाईंनी स्वतः काढला नाही. तो बाईंनी काढला.

या प्रकरणानं मला तपासातलं एक शिकवलं: चौकशीत कधीही 'अनोळखी कोण आलं' असं विचारू नये. दुसरं जे शिकवलं ते मला अजून नीट मांडता येत नाही. इतकंच म्हणेन, की मत्सर परक्याचा फार होत नाही. ज्याला आपण हाताला धरून आणलं, तोच पुढं गेला की होतो. आणि त्यातून माणूस जे करतो, त्यातही त्याची माया सुटत नाही. म्हणून तो सापडतो.

मामा वर्षभर शाळेकडं फिरकले नाहीत. पुढच्या खंडेनवमीला भाई स्वतः स्कूटर घेऊन त्यांना आणायला गेले. तेव्हापासून बाई मलाही बोलावतात. मुलं अजून भाईंना सर म्हणतात आणि मामांना मामा. मामा ताट घेऊन ओळीनं पुढं सरकतात. भाईंच्या संगणकापाशी आले, की त्यांचा हात किंचित थांबतो. दर वर्षी थांबतो. मी बघतो. पेढ्यांचा पुडा धरलेले भाईही बघतात. मग मामा हार घालतात.